तंजावर: दोन तासांत उरकू नका (अनुभव, माहिती, शंका)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आईला घेऊन तंजावरला चार दिवस राहून आले. माझी ही दुसरी खेप. पहिल्या खेपेबद्दल आधी लिहिते, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक तंजावर तसंच बघतात.

आठ वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर गेले होते. रामेश्वर, मदुराई, तंजावर, तिरुपती असा धडाका. बस तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळापाशी पोचली तेव्हा पावणेबारा वाजले होते. चपला बाहेर काढायच्या आणि आतलं पटांगण सगळं दगडी. त्या उन्हात दहा पावलंसुद्धा धड टाकता येईनात. रांगेत उभं राहीपर्यंत साडेबारा झाले, गाभारा बंद झाला, तो चार वाजता उघडणार. आमच्यातल्या वीसेक जणांना दर्शनच झालं नाही. बसमधल्या एक आजी गुजरातेतून आल्या होत्या, त्या पायरीला हात लावून परत फिरल्या. ते माझ्या मनातून गेलं नाही.

म्हणून या वेळी ठरवलं होतं की देवळात फक्त सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचनंतर जायचं. रोज.

पहिल्या संध्याकाळी गेलो तेव्हा ऊन कलत होतं आणि शिखराचा दगड मधासारखा दिसत होता. पटांगणात माणसंच माणसं. पण ही रांगेतली माणसं नव्हेत. गावातली माणसं येऊन बसली होती. पोरं पळत होती, बायका गजरे सारखे करत गप्पा मारत होत्या, एक आजोबा भिंतीला टेकून डुलकी घेत होते. हजार वर्षांचं देऊळ आणि गाव त्याच्या अंगणात बसलेलं. आई म्हणाली, "हे आपल्या घाटावरच्यासारखं आहे गं."

दक्षिणेतल्या देवळांत सहसा दारावरची गोपुरं उंच आणि गाभाऱ्यावरचं शिखर बुटकं असतं. मदुराईत, श्रीरंगमला तसंच दिसतं. इथे उलट आहे. दोन्ही गोपुरं ठेंगणी आणि गाभाऱ्यावरचं शिखर, ज्याला तिकडे विमान म्हणतात, ते तेरा मजल्यांचं, सुमारे ६६ मीटर उंच. राजराज चोळाने १०१० मध्ये हे पुरं केलं. त्याने बांधलेल्या दारांतून आत जाताना नजर आपोआप वर वर जाते, ती तशी जावी म्हणूनच हे केलं असणार असं मला वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. देवळाच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. १८०३ सालचा. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. मराठीतला सगळ्यात मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. आठ वर्षांपूर्वी मी त्याच्या आसपासून परत गेले होते आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या भिंतीसमोर उभी राहिली. वय ७४, चष्म्याचा नंबर वाढलेला. आधी बोट न लावता हवेतच अक्षरं गिरवत होती. मग हळूहळू मोठ्याने वाचायला लागली. जुनं वळण, दाटीने कोरलेली ओळ, मध्ये अडखळायची, मागे जायची, पुन्हा लावायची. तमिळ बोलणारे दोन-तीन लोक थांबून ऐकत राहिले. सांगलीपासून इतक्या दूर, चोळांच्या दगडावर, आईच्या तोंडून आपली भाषा ऐकताना मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

कुणी गेलं असेल तर अनुभव लिहा. कुणाला जायचं असेल तर विचारा, माहीत असेल ते सांगेन.

भटक्या७१

मस्त लिहिलंय ताई. मी दोनदा गेलोय. पोचण्याबद्दल थोडं लिहितो. विमानाने तिरुची जवळ, तिथून तंजावर साधारण ५५-६० किमी, बस सतत मिळतात. रेल्वेने चेन्नई एग्मोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस, ती कुंभकोणमवरून येते. मी कुंभकोणमला उतरून दोन दिवस तिथे राहिलो आणि मग तंजावरला आलो. दोन गावांत ४० किमीचं अंतर.

कुंभकोणमला सकाळच्या इडलीबरोबर 'कडप्पा' मागा. मूगडाळ आणि बटाट्याचा पातळसर रस्सा असतो, आपल्याकडे कुठेच मिळत नाही. आणि पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी. तिरुवैयारूला गेलात तर मूगडाळीचा 'अशोका' हलवा. खाण्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

निशिगंधा

वाचतेय. सासूबाईंना न्यायचंय, गुडघ्यांचा त्रास आहे. चढ-उतार किती आहे? आणि त्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, ते कुठल्या वेळी बघायचं?

दगडमाती

निशिगंधा, सावली पडते. मी स्वतः सकाळी आठ वाजता त्याच सावलीत बसून डबा खाल्लाय. इतक्या मोठ्या वास्तूची सावली पडणारच. दुपारी ऊन डोक्यावर असताना ती चौथऱ्यावरच मावते, त्यावरून ही समजूत रुजली असावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कळसाखालचा ८० टनी एकसंध दगड. गाईड हटकून सांगतात. तो घुमट अनेक तुकडे जोडून केलेला आहे असं अभ्यासक म्हणतात. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि मला तर यामुळे त्या लोकांचं कौतुक जास्त वाटतं. त्या भातशेतीच्या मुलखात ग्रॅनाइट नाही. सगळा दगड लांबून आणला, घडवला, आणि ६६ मीटरपर्यंत नेऊन असा बसवला की हजार वर्षं रेघ हललेली नाही. त्याला चमत्काराची जोड कशाला हवी? मुख्य स्थपतीचं नावसुद्धा शिलालेखात आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. एवढ्या जुन्या काळातल्या किती इमारतींच्या बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत असतं?

कृष्णाकाठची

निशिगंधा, पटांगण सपाट आहे. गाभाऱ्याकडे चढायच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. सासूबाईंना नंदीमंडपात सावलीत बसवा. नंदी एकाच दगडाचा आहे, अवाढव्य, भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला. सकाळी सहाला गेलात तर गर्दी नसते, एकेक पायरी घेत सावकाश चढता येईल. आईने तसंच केलं. जाड मोजे घेऊन जा, तळपायांना फार उपयोग होतो. प्रदोषाच्या संध्याकाळी मात्र त्यांना नेऊ नका, नंदीच्या अभिषेकाला सगळा गाव लोटतो. एकटं असाल तर तीच संध्याकाळ चुकवू नका.

उंबरठा

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मराठी माणूस तंजावरला जातो आणि मराठी शिलालेखापाशी फोटो काढून येतो. ते देऊळ चोळांचं आहे, त्याच्या जोत्यावर सगळीकडे तमिळ लेख आहेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. राजराजाने काय लिहवून घेतलंय ते तरी माहीत करून जावं. आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, ते सगळं या दगडी विमानावर कोरा, अशी त्याची आज्ञा आहे. तमिळमध्येही शब्द 'अक्कन' असाच आहे. ही अक्का म्हणजे कुंदवै. सम्राट स्वतःच्या दानानंतर लगेच थोरल्या बहिणीचं नाव घेतो.

पुढे दागिन्यांच्या याद्या आहेत, मोती किती, वजन किती. देवळात नृत्यसेवेसाठी आणलेल्या ४०० स्त्रियांची नावं आहेत. कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, कुठल्या आळीत कितवं घर तिला दिलं, वाट्याला वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. ४०० बायकांची नावं घरच्या पत्त्यासह दगडावर! मला तमिळ येत नाही, भाषांतर वाचून गेलो होतो. त्या ओळींसमोर मी तासभर उभा होतो.

कृष्णाकाठची

उंबरठा, राग कसला. तुमचं म्हणणं खरं आहे. मी लिहिताना मराठी भिंतीवरच थांबले, कारण तिथे आई होती. पण तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, अक्काचं आधी सांगितलं असतंस तर त्या भिंतीलाही हात जोडले असते. सांगलीकडे आम्हीही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणा मार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. वरून नायकांच्या काळातली चित्रं रंगवलेली होती, खालची १९३१ मध्ये उजेडात आली. आत सहसा सोडत नाहीत, पण आवारातल्या माहिती केंद्रात त्यांचे फोटो लावलेत, तिथे अर्धा तास ठेवा. वरच्या मजल्यावर नृत्याच्या १०८ करणांपैकी, म्हणजे ठरलेल्या नृत्यमुद्रांपैकी, ८१ कोरलेली आहेत आणि उरलेल्या दगडी चौकटी कोऱ्याच राहिल्यात. का थांबलं असेल काम, हा विचार डोक्यातून जात नाही.

बाराखडी

मी मोडी वाचतो, त्यामुळे तंजावर माझ्यासाठी देवळाआधी राजवाडा. खरं सांगायचं तर राजवाड्याचं आवार फार दुरवस्थेत वाटलं, भिंतींचे पोपडे निघालेत. पण त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांचा संग्रह भोसल्यांनी वाढवला आणि दुसऱ्या सरफोजींनी तो कुठल्या कुठे नेला. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, शिवाय मोडी कागदपत्रांची शेकडो गाठोडी. तिथल्या तमिळ विद्यापीठाने त्यातले काही कागद तमिळमध्ये आणलेत. आपल्याकडे मोडी वाचणारे कमी होत चाललेत आणि तिथे मराठी मातृभाषा नसलेली माणसं ती लिपी शिकून बसलीत, हे बघून मला भरून आलं.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला. हातात उरला किल्ला आणि तनखा. त्या माणसाने त्या तनख्यातून पुस्तकं घेतली. छापखाना काढला, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक देवनागरीत छापलं. धन्वंतरी महालात वैद्यकाचं काम चाले. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवलेल्या आहेत. १८३२ मध्ये ते गेले, १८५५ मध्ये मुलगाही औरस पुत्राशिवाय गेला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. राज्य गेलं, कपाटं राहिली.

बाहेरचं छोटं संग्रहालय सगळ्यांना बघता येतं. मूळ हस्तलिखितं बघायची तर आधी पत्रव्यवहार करून, अभ्यासाचा विषय कळवून जा. नुसतं दारात जाऊन 'मोडी दाखवा' म्हटलं तर दाखवणार नाहीत आणि ते योग्यच आहे.

रायरांची_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी चेन्नईत असते, माहेर तंजावर. माझी मराठी तुम्हाला थोडी निराळी वाटेल, इथे जपून पुस्तकी लिहीत आहे. आमच्या लोकांना तिकडे 'रायर' म्हणतात. दहा-अकरा पिढ्या झाल्या. घरात अजून मराठीच बोलतो, मात्र त्या मराठीत तमिळ क्रियापदं कधी शिरली ते कुणाला कळलं नाही.

तुम्ही लिहिलेलं वाचून एक सांगावंसं वाटलं. आम्ही मराठी बोलतो, पण शाळा तमिळ. माझ्या आजीला देवनागरी वाचता येत नव्हतं. दर शुक्रवारी ती मोठ्या कोविलात, म्हणजे याच देवळात जायची, त्या मराठी भिंतीवरून प्रदक्षिणा घालायची, आणि म्हणायची, "हे आपलं लिहिलंय." काय लिहिलंय ते तिला शेवटपर्यंत कुणी वाचून दाखवलं नाही. मलाही ती भिंत वाचता येत नाही, देवनागरी मी गेल्या चार वर्षांत कीबोर्डवरच शिकले.

खाण्याचा विषय वर निघाला म्हणून: आमच्याकडची डांगर पचडी खा. उडदाचं पीठ दह्यात कालवून वरून फोडणी. हॉटेलात मिळणार नाही, कुणाच्या घरी जायला हवं. तमिळ घरांतली 'रसवांगी' म्हणजे आपली रस-वांगीच.

भटक्या७१

रायरांची_लेक, तुमच्याकडच्या एका गोष्टीबद्दल विचारतो. सांबार तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मलं, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून नाव पडलं, ही कथा घरात सांगतात का?

रायरांची_लेक

सांगतात, आणि प्रत्येक घरी वेगळी सांगतात काका. कागदाचा पुरावा मी तरी पाहिला नाही. कथा म्हणून मला प्रिय आहे. पण तमिळ मैत्रिणींशी त्यावरून भांडायला जाऊ नका.

पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला जरूर जा, तंजावरपासून अगदी जवळ. मूर्ती वारुळाच्या मातीची आहे. व्यंकोजीराजांनी ते देऊळ बांधलं असं परंपरा सांगते. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ आधी तिच्या पायाशी जातं. आणि एक, बहुतेकांना माहीत नसतं: मोठ्या कोविलासकट ८८ देवळं अजून राजवाडा देवस्थानाकडे आहेत, भोसले घराण्यातले वडीलधारे त्याचे वंशपरंपरागत विश्वस्त असतात.

बाराखडी

व्यंकोजींचा विषय निघालाच आहे तर. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा या सावत्र भावाला भेटले ते कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळपाडीला. तंजावरहून रिक्षा किंवा गाडी करून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. शंकराचं जुनं देऊळ आहे, माणसांची वर्दळ नाही. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीचं बोलणं जमलं नाही आणि व्यंकोजी रात्रीतून निघून गेले. मी नदीकाठी बराच वेळ बसलो होतो. पाणी कमी, वाळू जास्त.

दगडमाती

वेळ असेल त्यांनी दारासुरम सोडू नये. कुंभकोणमच्या अगदी शेजारी, बारावं शतक, दुसरा राजराज. तंजावरचं देऊळ लांबून बघायचं, दारासुरम नाकाजवळ आणून. बोटाएवढ्या मूर्ती. एका ठिकाणी हत्ती आणि बैल यांचं डोकं एकच आहे, एक बाजू झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. माझ्या सात वर्षांच्या मुलीने तिथे दहा मिनिटं हात इकडून तिकडे फिरवत घालवली.

तिथूनच स्वामीमलैला जा. पंचधातूच्या मूर्ती ओततात. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपायचा, भाजून मेण घालवायचं, त्या पोकळीत धातू. आणि माप घ्यायला नारळाच्या झावळीची पट्टी! तिच्या घड्या घालून ताल (मूर्तीच्या मापाचं एकक) मोजतात. मी साइटवर लेझरने मापं घेतो. तो माणूस पानाच्या घडीने बोटाच्या पेराचं प्रमाण सांगत होता आणि चुकत नव्हता. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, साचा फोडावा लागतो.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन आलो. तीन रात्री राहिलो. सासूबाई सकाळी सहाला पायऱ्या चढल्या, मध्ये दोनदा बसल्या, पण दर्शन झालं. दिवे लागल्यावर लिंग दिसतं तेव्हा त्याची उंची एकदम अंगावर येते. त्या काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून ठेवला. आणि हो, सावली पडते, आम्हीही तिच्यात बसलो.

मराठी भिंत शोधायला वेळ लागला. पहारेकऱ्याला विचारलं तर त्याने 'मराठा?' म्हणत बरोबर नेऊन सोडलं. नवऱ्याला आणि मला सगळं मिळून दोन-तीन ओळी लागल्या. 'राजे' हा शब्द मात्र लांबूनही ओळखू येतो.

कृष्णाकाठची

निशिगंधा, फार बरं वाटलं वाचून.

रायरांची_लेक, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली त्या दिवसापासून ती स्वस्थ नव्हती. आमच्याकडे भिंतीचे फोटो होते. ती रोज दुपारी भिंग घेऊन बसायची, वहीत एकेक ओळ उतरवायची. लागलेला मजकूर तिने काल मोठ्याने वाचला आणि मी फोनवर ध्वनिमुद्रित केला. अकरा मिनिटांचं आहे. काही शब्द चुकलेही असतील. तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवलंय. आजीला नाही ऐकवता येणार, पण घरात कुणी मोठं असेल तर ऐकवा, असं आई म्हणते.

रायरांची_लेक

अक्का, मिळालं. आजीची धाकटी बहीण अजून आहे, ८६ वर्षांची, तंजावरलाच. मी काल रात्रीच्या गाडीने आले, सकाळी तिच्यापाशी बसून लावलं. तिने दोनदा ऐकलं. काही शब्द तिला कळले नाहीत, काही तिने लगेच म्हणून दाखवले. मग म्हणाली, "ही बाई आपल्यातली नव्हे, पण वाचते नीट." आणि आईंसाठी विचारलंय, डांगर पचडी मिळाली का त्यांना तंजावरला?

कृष्णाकाठची

नाही मिळाली. आई म्हणते, पोंगलला येते. मट्टू पोंगलला, म्हणजे गुरांच्या सणाला, नंदीला भाज्यांनी मढवतात ते तिला बघायचंच आहे. आजींना विचारा, त्या दिवशी जेवायला यायचं का.